गोळी सुरू करतानाच ती बंद कशी करायची हेही लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात दर आठ-पंधरा दिवसांनी कुठे ना कुठे नशेच्या गोळ्यांचा साठा पकडल्याची बातमी असते. ही कारवाई झालीच पाहिजे. आमच्या तालुक्यातली विशी-बाविशीतली पोरं त्या नादाला लागलेली मी रोज पाहतो. पण त्या बातम्यांत एक माणूस कधीच दिसत नाही. तो चोरून काही घेत नाही. कंबर दुखते म्हणून डॉक्टरांकडे जातो, चिठ्ठीवर लिहिलेली गोळी घेतो आणि वर्षभराने त्याला कळतं की आता गोळीशिवाय दिवस निघत नाही. मी त्यातलाच एक आहे आणि माझ्यासारखे गावोगाव आहेत, म्हणून हे पत्र.

केज तालुक्यात माझी थोडी जमीन आहे. सोयाबीन निघालं की हंगामभर ट्रॅक्टरवर ऊस वाहतूक करतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांना धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे नसतात. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या असल्या की रस्त्यातला प्रत्येक खड्डा माकडहाडातून थेट मानेपर्यंत जातो. त्यात एक हात स्टेअरिंगवर आणि मान सारखी मागे ट्रॉलीकडे, म्हणजे कंबर रात्रभर पिळलेलीच. दोन-तीन हंगाम दुखणं अंगावर काढलं. मग एका सकाळी डाव्या पायात अशी कळ गेली की क्लच सुटेना.

एमआरआय काढला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती बाहेर आली आहे, असं रिपोर्टात होतं. आमच्याकडे याला मणक्यात गॅप म्हणतात, आणि गॅप म्हटलं की घरातली माणसं रडायलाच लागतात. पुढे मला कळलं की ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या मणक्यांचे फोटो तपासले, तरी विशीतल्या साधारण 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत चकती फुगलेली दिसते. 2015 मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा हे आकडे आले. हे रिपोर्ट हातात देतानाच कुणी सांगितलं, तर माणूस निम्मा तिथेच बरा होईल.

मला ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली. आधी दोनदा, मग तीनदा. चिठ्ठीवर गोळीचं नाव होतं, सकाळ-दुपार-संध्याकाळ होतं. किती दिवस, ते नव्हतं. ट्रामाडॉल अफूच्या जातीचं औषध आहे, हेही कुणी सांगितलं नाही. आराम मात्र पडला, तो नाकारणार नाही. जुन्याच चिठ्ठीवर पाकीट मिळत राहिलं आणि मी घेत राहिलो.

एकदा कारखान्याच्या आवारात नंबर लागायला फार वेळ गेला. पुढे गाड्यांची रांग, ऊस टाकायची गव्हाण बंद पडलेली, आणि टूलबॉक्समधलं पाकीट संपलेलं. पहिल्या रात्री फक्त जांभया येत होत्या. दुसऱ्या दिवशी नाकाडोळ्यातून पाणी, ऐन थंडीत दरदरून घाम, पोट बिघडलेलं. पाय असे वळवळत होते की बसवेना, उभं राहवेना. सगळं अंग ठणकत होतं आणि कंबर आधीच्या दुप्पट. शेजारच्या गाडीवाल्याने त्याच्याजवळची तीच गोळी दिली आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं थांबलं. मी इतका घाबरलो तो त्या थांबण्याने. चकती काही पाऊण तासात आत जात नाही.

नंतर सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. रोज घेतलेल्या अशा औषधाला शरीर सरावतं. ते अचानक थांबलं की शरीर असं बंड करतं, आणि त्या बंडात कंबरही ठणकते. रुग्णाला वाटतं दुखणं वाढलं, म्हणून तो गोळी वाढवतो. त्यांनी हेही सांगितलं की शरीराला सवय होणं आणि नशेसाठी गोळीमागे धावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र वेळेत लक्ष दिलं नाही तर पहिलीतून दुसरीत माणूस कधी जातो ते त्याला कळत नाही. मी ऐकताना गप्प होतो, कारण पोराबाळांना, बायकोला हे कसं सांगायचं याचीच चिंता होती. गावात गोळीची सवय म्हटलं की लोक लगेच बाटलीवाल्याच्या रांगेत बसवतात.

कायदा आहे, तो कडकही आहे. मार्च 2014 पासून ट्रामाडॉल एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची अशा औषधांच्या यादीत आहे. दुकानदाराने डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते 3 वर्षं जपायचं. एप्रिल 2018 मध्ये हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आणलं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, पण तो इंग्रजीत, आणि तो कायद्यापुरता. शरीराला याची सवय लागते, एकदम सोडू नका, असं त्यावर कुठे लिहिलेलं नाही.

आणि कायदा राबवला जातो तो असा: वर्षभर कुणी काही विचारत नाही, मग कुठेतरी धाड पडते आणि एका दिवसात तालुक्यातली दुकानं म्हणतात, ही गोळी बंद. आमच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांचं असंच झालं. चार दिवस त्यांना झोप नाही, उलट्या चालू, आणि घरच्यांना वाटलं विषमज्वर आहे. मग अशी माणसं गोळी शोधत जातात कुठे? जिथे चिठ्ठी लागत नाही तिथेच. ज्याला नशेच्या बाजारापासून दूर ठेवायचं, त्यालाच आपण तिकडे ढकलतो.

माझी गोळी बंद झाली ती पायरी-पायरीने. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी कमी करायची, त्रास जास्त झाला तर त्याच पायरीवर थांबायचं, पण वर चढायचं नाही. डॉक्टरांनी तारखा लिहून दिल्या, त्या मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवल्या. शेवटची अर्धी गोळी सगळ्यात जड गेली. सोबत व्यायाम होता. उताणं पडून गुडघे छातीशी घेणं, पालथं पडून कोपरांवर छाती उचलणं, आणि पहाटे कॅनॉलच्या कडेने चालणं. सुरुवातीला प्रत्येक हालचालीला वाटायचं की आता काहीतरी तुटणार. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, दुखतंय म्हणजे दर वेळी इजा होतेच असं नाही. हे मनात उतरायला फार वेळ लागला. कंबर आजही दुखते, पण मी ट्रॅक्टर चालवतो, दर तासाला उतरून चालतो, आणि रात्री डोळ्यावर झापड नसते. ही शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने कंबरेपेक्षा मोठी आहे. ट्रामाडॉलने झोप येते. ऊसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन अंबाजोगाईच्या घाटात पेंगणारा ड्रायव्हर समोरच्या दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकतो.

डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मनाला आधार देणारे उपचार, गरजेप्रमाणे साधी सूज उतरवणारी औषधं यांची शिफारस त्यात आहे. अफूच्या जातीच्या गोळ्या, कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं हे सरसकट देऊ नये, असं म्हटलं आहे. आमच्याकडे नेमकं याच तिन्ही गोष्टींवर भागतं. साधी औषधंसुद्धा मनाने महिनोन्महिने घ्यायची नसतात, किडनीवर आणि पोटावर जातात. ते डॉक्टरांना विचारूनच.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहितो. कॅन्सरच्या रुग्णाला वेदना असह्य होतात तेव्हा मॉर्फिन हाच आधार असतो. ते सहज मिळावं म्हणून 2014 मध्ये कायदा मुद्दाम सोपा केला. माझ्या चुलत्यांना तोंडाचा कॅन्सर होता, शेवटचे महिने त्यांनी त्या औषधावर शांतपणे काढले. माझं पत्र वाचून कुणी अशा रुग्णाची गोळी तोडू नये.

सगळ्यात जास्त काळजी मला ऊसतोडीच्या बायांची वाटते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं हे काम मी रोज मागे वळून पाहतो. कोयत्याला, म्हणजे तोडीच्या जोडीला, खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून दुखलं की त्या टोळी आणणाऱ्या मुकादमाला गोळी मागतात आणि एकीची गोळी तिघींत वाटली जाते. कोणती आहे, कुणालाच माहीत नसतं. त्यांच्यातल्या कुणाला फडावर फिट आली, तर देवीचं अंगात आलं म्हणतील. ट्रामाडॉल जास्त झालं तर फिट येऊ शकते, हे कुणाला सांगणार?

माझं मागणं फार मोठं नाही. ट्रामाडॉल किंवा त्याच जातीचं टॅपेन्टाडॉल लिहिताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर मराठीत दोन ओळी वाढवाव्यात: किती दिवस घ्यायची, आणि बंद करताना कशी कमी करायची. दुकानदाराने रजिस्टर भरताना तेवढं तोंडी विचारावं. रोज गोळी घेणारा रुग्ण समोर आला तर त्याला नुसतं हाकलू नये, डॉक्टरांकडे पाठवावं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट निदान आठवडी बाजाराच्या दिवशी तरी बसावा, कारण कंबर धरून लातूर-बीडला एसटीने जाणं हीच एक शिक्षा आहे.

आणि जे आज ही गोळी घेत आहेत त्यांना हात जोडून सांगतो, हे पत्र वाचून उद्या सकाळी ती एकदम बंद करू नका. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर कधीच घेऊ नका, त्याने झोपेत श्वास थांबू शकतो. डॉक्टरांकडे जा आणि मला ही कमी करायची आहे असं स्वतःहून म्हणा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला लाजू नका. 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा आणि 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सल्ल्याचा, फोन नंबर फुकट आहे. लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेना किंवा कंबरदुखीबरोबर ताप असेल, तर मात्र गोळी-व्यायाम काही न बघता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी आरोग्य विभागाने बीड, केज, धारूर, पाटोदा, शिरूर या भागांत एक-एक दिवस कंबरदुखीची तपासणी ठेवावी आणि गोळ्यांची ही माहिती मुकादमांना समोर बसवून द्यावी. आपल्या दैनिकाने याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक ट्रॅक्टरचालक शेतकरी
ता. केज, जि. बीड
(कृपया नाव छापू नये)