सारंगकाकांना उघडं पत्र

ती.स्व. काका,
सा. न. वि. वि.

कट्ट्यावर रोज भेटतो, तरी हे पत्र लिहितेय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. बोटीच्या सफरीवरून परत आल्यापासून रिक्षावाल्यापासून व्याह्यांपर्यंत जो तो एकच विचारतो, "मग बाई, आवडलं कुठलं?" उत्तर देताना दरवेळी तुमचा हवाला द्यावा लागतो. म्हटलं, एकदा चारचौघांत तुमचे आभार मानावेत.

31 वर्षं मी भूगोल शिकवला. सुएझ कालवा फळ्यावर काढून काढून हात बसला होता: 1869, 193 किलोमीटर, पनामासारखी बोट वर-खाली करणारी पाण्याची दारं (लॉकगेटं) नाहीत. समुद्र मात्र पाहिलेला गणपतीपुळ्याचा, तोही घोट्यापर्यंत. सोलापुरातून बोटीने परदेशी गेलेला माणूस म्हणून वर्गात सांगायला डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, 1938 सालचे. म्हणून मार्च 2023 मध्ये दुबई ते जेनोआ अशा 23 दिवसांच्या सफरीचं तिकीट हातात आलं तेव्हा आधी तुमचं दार वाजवलं. आयुष्य जहाजावर काढलेला दुसरा कोण आहे आपल्या पेठेत?

खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घ्या, पोट रिकामं ठेवू नका, मळमळलं की क्षितिजाकडे बघा, हे तुम्ही सांगितलंत आणि तांबड्या समुद्रात ते उपयोगी पडलं. (कडक भाकरी आणि शेंगाचटणीही पडली.) पण खरं दिलंत ते शेवटचं वाक्य. "बाई, बंदर सुटताना मागच्या टोकाला उभ्या राहा. जे दिसेनासं होईपर्यंत आत जावंसं वाटणार नाही, ते तुमचं."

मी मास्तरीण, मिनिटं वहीत मांडली. मस्कत 12. नेपल्स 0! तिथून जवळच्या पोंपेईत दिवसभर भारावून फिरले. ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या शहरात, आपल्या बैलगाड्यांच्या असतात तशा चाकोऱ्या दगडात उमटलेल्या पाहिल्या. पण बोट सुटली तेव्हा मी खाली जेवत होते. थक्क होणं वेगळं आणि जीव अडकणं वेगळं, हे त्या शून्याने सांगितलं. अथेन्सवर मात्र अन्याय झाला. रात्र, वर पाऊस, पाच मिनिटांत पळाले. तुमच्या मापात हवामानाची सोय नाही, काका.

सलालाह 40 मिनिटं. ओमानचं हे टोक नारळ-केळीचं, अगदी कोकणात आल्यासारखं. बाजारात लोबानाचा धूर, आपल्याकडे दर्ग्यात येतो तसाच. त्याची झाडं तिथल्याच डोंगरांत. सालीला चीर देतात, चीक वाळला की खरवडतात. इतकी वर्षं वास ओळखीचा होता, गाव आत्ता कळलं.

आणि व्हॅलेटा, 1 तास 10 मिनिटं. माल्टाची ही राजधानी, पिवळ्या दगडाची, 1566 साली वसवलेली. दुपारी 12 ला वरच्या बागेखालच्या बुरुजावरून तोफ उडते, ती ऐकून दचकले. पण अडकले ते भाषेत. माल्टीज मुळात अरबी वळणाची, शब्द ढीगभर इटालियन, लिपी रोमन. पुस्तकाला 'क्तीब', जगाला 'दिन्या'. म्हणजे आपली किताब आणि दुनियाच की! मराठीत भाव करून तेलुगूत हिशेब आणि कन्नडात भांडण करणाऱ्या गावातून गेलेल्या बाईला असं गाव परकं कसं वाटेल? बोट दोन किल्ल्यांमधून बाहेर पडली, दगड आधी गुलाबी, मग करडे झाले. ह्यांनी दोनदा हाक मारली. गेले नाही.

ह्यांचं म्हणणं वेगळं. त्यांना पेट्रा, जॉर्डनमधलं डोंगरात कोरलेलं जुनं शहर. सव्वा किलोमीटरची ती घळ संपून कोरलेली इमारत दिसली तेव्हा गुडघे दुखायचे थांबले म्हणतात. असेल. तुमचं माप मी त्यांना लावलं नाही, तिथलं बंदर अकाबा सुटताना ते झोपले होते.

सुएझ स्पर्धेबाहेर. पहाटेपासून डेकवर, डावीकडे आफ्रिका, उजवीकडे आशिया, बोट सायकलच्या वेगाने. फळ्यावर मी कालवा नेहमी सरळ रेघेत काढायचे. मध्ये तो तळ्यांमध्ये पसरतो, हे माहीत असूनही खडू कधी वळवला नव्हता.

आणि हो, खोलीत टॉवेलचे हंस करून ठेवायचे. आपल्या गावचा असेल म्हणून एकाचा कोपरा उलटून पाहिला. नव्हता. बराच वेळ राग आला.

लोबानाची पुडी तुमच्या लेकीकडे दिली आहे. रविवारी वही घेऊन येते. तुम्ही कुठल्या बंदरावर सगळ्यात जास्त वेळ उभे राहिलात, हे विचारायचं राहूनच गेलंय.

तुमची,
शेजारच्या बाई
सोलापूर