खाला एकटी आत जाणार

मदिना
गुरुवार, इशानंतर

सलीम,
सलाम.

आठ महिने मी गप्प बसलो, त्याबद्दल आधी शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. भाचीच्या निकाहची तारीख आणि तुझ्या उमऱ्याच्या ग्रुपची तारीख एकाच आठवड्यात आली आहे. तू खालाला (मावशीला) घेऊन मदिनेत उतरशील तेव्हा मी बार्शीत बिर्याणीच्या डेगेपाशी उभा असणार. इतकी वर्षं या शहरात काढली आणि नेमकी खाला येते तेव्हा मी नाही. आणि हे मला तुझ्याकडून नाही, रुखसानाकडून कळावं? त्याचा हिशेब नंतर. माझी शुगर बरी आहे, गोळ्या चालू आहेत.

तू पाठवलेला ग्रुपचा कागद पाहिला. मदिनेत तीन रात्री, एक दिवस पवित्र जागा दाखवणारी ‘जियारत बस’, आणि खाली बारीक अक्षरात ‘रियाजुल जन्ना परवान्याच्या उपलब्धतेनुसार’. माझी सगळी झोप त्या शेवटच्या ओळीने उडवली आहे. बाकी शहर तू बघशील, न बघशील, फरक पडत नाही. खालू गेल्यापासून खाला एकच गोष्ट बोलते हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

तर नीट ऐक. मस्जिदे नबवीत हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचं घर आणि मिंबर, म्हणजे खुतब्याचा चौथरा, यांच्यामधली जागा म्हणजे रियाजुल जन्ना. बावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद, बस एवढीच. आपल्या शाळेचं पटांगण याहून मोठं होतं. तिथे जायला ‘नुसुक’ ॲपवरचा परवाना लागतो आणि तो सहसा माणशी ३६५ दिवसांत एकदाच मिळतो. म्हणजे चुकली तर चुकली. खालाच्या वयाला ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द मला वापरायचा नाही.

गोची अशी आहे की परवाना प्रत्येकाचा वेगळा, ज्याच्या त्याच्या पासपोर्टवर. तुझ्या परवान्यावर तिला कोणी आत सोडणार नाही. पुरुषांच्या आणि बायकांच्या वेळाही वेगळ्या. बायकांच्या बहुधा फजरनंतर सकाळी आणि इशानंतर रात्री. तू तिच्यासोबत आत जाऊच शकत नाहीस. ही गोष्ट तुला एजंट सांगणार नाही, तो ‘ग्रुप परमिट आहे, फिकर नको’ म्हणेल. त्याला सांग, खालाच्या नावाचा, तारीख-वेळ आणि क्यूआर असलेला परवाना दाखव. दाखवला नाही तर परवाना नाही, असं समज. मग व्हिसा हातात आल्या दिवशी तूच तिचं खातं उघड. जागा भरलेल्या दिसल्या तर दिवसातून चार वेळा अवेळी उघडून बघत राहा, लोक रद्द करतात तशा त्या मोकळ्या होतात. सकाळची वेळ घे. जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असतात, पण रात्री दिवसभराच्या थकव्यावर तिचे गुडघे टिकणार नाहीत.

आता तिचं बटणाचं नोकिया. तुझा जुना स्मार्टफोन तिच्याकडे दे, क्यूआरचा स्क्रीनशॉट उघडून आणि पूर्ण चार्ज करून. शिवाय तोच स्क्रीनशॉट कागदावर छापून पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत तिच्या बटव्यात. हॉटेलचं कार्ड आणि तुझा इथला नंबर मोठ्या आकड्यांत, तेही बटव्यातच. ग्रुपमधली एखादी धडधाकट बाई गाठ. तिचा आणि खालाचा परवाना एकाच वेळेचा घे आणि तिला आधीच सांगून ठेव की खालाचा हात सोडायचा नाही. तू काय करशील ते मला ठाऊक आहे. विमानतळावर कोणाशी तरी इंजिनांवर बोलत बसशील आणि हे शेवटच्या रात्री आठवेल. कुर्डुवाडीला तुझ्यापायी गाडी चुकली ती मी अजून विसरलेलो नाही.

हरवणं इथे कसं होतं ते सांगतो, कारण रोज पाहतो. मशिदीच्या स्वतःच्या दारांना साधे आकडे आहेत: बाबुस्सलाम १, किंग फहद दार २१, बाबे जिब्रील ४०, बाबुल बकी ४१. पण बाहेरच्या अंगणाच्या कुंपणालाही फाटकं आहेत आणि त्यांचे आकडे तीनशेच्या पुढचे. माणूस फोनवर ‘मी दहा नंबरला आहे’ म्हणतो, दुसरा ३१० ला उभा असतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. त्यात अंगणात अडीचशे छत्र्या, सगळ्या एकसारख्या. सकाळी उघडतात, संध्याकाळी मिटतात. म्हणजे खाला ज्या छत्रीखाली बसली ती खूण संध्याकाळी नुसता खांब झालेली असते. पहिल्याच दिवशी तिला घेऊन एक फाटक ठरव, हॉटेलपासून सरळ पडेल असं, आणि तो आकडा तिच्याकडून तीनदा म्हणवून घे. बाहेर आल्यावर तिने शोधत फिरायचं नाही, तिथेच बसायचं. शोधणाऱ्याने फिरायचं, हरवलेल्याने नाही.

आत काय होईल तेही सांगून ठेव, नाहीतर ती घाबरेल. बायकांना टप्प्याटप्प्याने बसवतात, मग उठवतात, मग परत बसवतात. वेळ त्यातच जातो. प्रत्यक्ष रियाजमध्ये दहाएक मिनिटं धर. बाकी मशिदीत लाल गालिचा, तिथे हिरवा, म्हणजे पोचलो हे पायांनाच कळतं. खांबही तिथले पांढऱ्या संगमरवराने मढवलेले आहेत. दोन रकात नमाज, दुआ, आणि ‘चला’ म्हटलं की उठायचं. हुजूरांच्या कबरीच्या सोनेरी जाळीसमोरून जायची वाट पुरुषांची आहे, बायकांना तिथून जाता येत नाही. पडदे, आडोसे असतात. खाला जाळी बघायच्या आशेने गेली आणि जाळी दिसली नाही, तर आपली जियारत अपुरी राहिली असं मनाला लावून घेईल. तिला आधीच सांग, सलाम आहे तिथून पोचतो.

तू मात्र बाबुस्सलामने जा, त्याला परवाना लागत नाही. आत शिरल्यावर सरळ चालत राहायचं, जाळी डाव्या हाताला येते. मोठं गोल भोक हुजूरांसमोर, पुढची दोन हजरत अबूबक्र आणि हजरत उमर यांच्यासाठी. बाबुल बकीने बाहेर. मोबाईल वर करून चालू नकोस, मागचा लोंढा थांबत नाही. बाहेर पडून मागे वळलास की हिरवा घुमट डोक्यावरच असतो. खालाला तिथे व्हीलचेअरवर आणून बसव. हिरवा रंग त्याला १८३७ साली दिला, त्याआधी तो वेगळ्या रंगांचा होता, हे मात्र तिला आत्ता सांगत बसू नकोस. तुझी ती खोड आहे.

ती या मशिदीत सलग चाळीस नमाजांचा हट्ट धरेल. तीन रात्रींत पंधरा-सोळा होतील. चाळीसची जी रिवायत सांगतात ती बऱ्याच आलिमांनी कमजोर ठरवली आहे. पक्की हदीस आहे ती वेगळी: या मशिदीतली एक नमाज दुसरीकडच्या हजारांहून बेहतर, मक्केतली मस्जिदे हराम सोडून. तिला हजाराचा हिशेब दे, चाळीसचा विसरेल. आणि फर्ज संपल्यावर लगेच सुन्नतला उठू नका. जवळजवळ प्रत्येक नमाजेनंतर जनाज्याची नमाज असते, पुकारा होतो, बायकाही त्यात उभ्या राहतात. जमजम सगळीकडे ठेवलेलं आहे, पण थंडगार. ‘ग़ैर मुबर्रद’ लिहिलेले डबे असतात, ते न थंड केलेलं पाणी. तिला तेच दे, नाहीतर तिसऱ्या दिवशी घसा धरून मक्केला जाईल.

बसची गोष्ट थोडक्यात. सकाळी सातला निघते, उहुद, किब्लतैन, खंदक, कुबा मशीद, आणि मध्ये खजुराचं दुकान. हिशेब असा: उहुदला वीस मिनिटं, दुकानात पाऊण तास. कुबाला जायचं असेल त्या दिवशी वुजू (नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं) हॉटेलातच करा, कारण घरून वुजू करून कुबात दोन रकात म्हणजे उमऱ्याचं सवाब अशी हदीस आहे. बस शेवटी कुबाला नेते आणि तोवर निम्म्यांचा वुजू गेलेला असतो, हे दरवेळचं. जमलं तर बसच्या भानगडीत न पडता कुबाला वेगळी टॅक्सी कर, हरमपासून, म्हणजे मस्जिदे नबवीपासून, तीन-साडेतीन किलोमीटर तर आहे. उहुदला सत्तर शहीद आहेत, हजरत हमजा त्यांच्यातच. कबरींना कुंपण आहे, बाहेरूनच सलाम. समोरची बुटकी टेकडी जबले रुमात. मुसलमानांचे तिरंदाज तिथे पन्नास होते, आणि ते जागा सोडून खाली उतरले म्हणून इसवी सन ६२५ ची ती लढाई पालटली. वर चढून बघितलंस की मैदानाची सगळी गोष्ट समजते. खालाला मात्र चढवू नकोस, दगड गुळगुळीत झालेत आणि धरायला काही नाही. बकी कब्रस्तानात बायकांना आत सोडत नाहीत. तू फजरनंतर जा. कबरींवर नाव-पाटी काही नाही, नुसते दगड. गाईड ‘ही अमक्यांची’ म्हणून दाखवत फिरतात, ऐकून घे आणि सगळ्यांना एकच सलाम कर.

आता तुझ्यासाठी, कारण तुझा जीव कुठे अडकणार ते मला माहीत आहे. हरमच्या नैऋत्येला, मस्जिदे गमामावरून पुढे चालत गेलास की अंबरिया येतं. तिथे हिजाझ रेल्वेचं स्टेशन आहे, आता संग्रहालय झालंय. १९०० साली सुलतान अब्दुल हमीदने काम सुरू केलं, १९०८ ला दमास्कसहून गाडी मदिनेत आली, तेराशे किलोमीटर. पैसा जगभरच्या मुसलमानांनी वर्गणीने दिला, हिंदुस्थानातूनही गेला. पहिल्या महायुद्धात बंडखोरांनी रूळ उखडले, आणि मदिनेचा तुर्की सेनापती फख्री पाशा १९१९ च्या जानेवारीपर्यंत शहर सोडायला तयार नव्हता. आवारात जुनी इंजिनं आणि डबे उभे आहेत. पण तू आधी खाली वाक. दोन रुळांमध्ये १०५० मिलिमीटर. मीटरगेजही नाही, नॅरोगेजही नाही, असला गेज का? बैरूत-दमास्कस लाईन आधीच त्या मापाची होती, सामान तिथूनच यायचं. आपली बार्शी लाईट ७६२, म्हणजे अडीच फूट. तू नववीत वर्गासमोर दोन फूट म्हणाला होतास आणि माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतास. टेप घेऊन जा. कुर्डुवाडीच्या कारखान्यात खालूंनी आयुष्य काढलं, त्या चाकांचा आवाज खालालाही ओळखीचा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिला पण ने, आत रस्ता सपाट आहे. वेळ आधी नकाशावर तपासून घे.

दुसरं एकच संग्रहालय कर, मस्जिदे नबवीच्या इमारतीचं प्रदर्शन, आणि ते पहिल्या दिवशी. पहिली मशीद साधारण पस्तीस बाय तीस मीटर, खजुराच्या बुंध्यांचे खांब, वर झावळ्या. खैबरच्या लढाईनंतर ती वाढून पन्नास बाय पन्नासच्या आसपास गेली. हे नमुने बघून मग मशिदीच्या जुन्या भागात जा आणि खांबांच्या माथ्यावर बघ. काहींवर ‘हद्दु मस्जिदिन नबी’ कोरलंय, मूळ मशीद इथवर होती याची खूण. हजारो माणसं त्याखालून जातात, मान वर कोणी करत नाही. सीरतचं मोठं संग्रहालयही आहे, चांगलं आहे, पण पडद्यांचा झगमगाट आहे आणि खाला तिथे झोपेल.

मक्केला जाताना हरमैन ट्रेनचा मोह तुला होणार. बससोबत गेलास तर जुलहुलैफात एहराम होतो, तिथल्या गर्दीत अंघोळ करायची नाही, ती हॉटेलातच. ट्रेनने गेलास तर कपडे आणि नियत दोन्हींचं आधीच मौलानांना विचारून घे, गाडी मीकातवर, म्हणजे एहराम बांधायच्या हद्दीवर, थांबत नाही. खालाचा मात्र विचार कर, बस म्हणजे साडेचारशे किलोमीटर, ट्रेन सव्वादोन-अडीच तासांत नेते.

मुन्नीची बारावी कशी चालली आहे? जमिनीच्या मोजणीचं पुढे काय झालं? दुकानाचं शटर बदललंस का? बार्शीत आलो की बघतोच, तू तिथे नसशील हेच विचित्र आहे.

माझ्या खोलीची किल्ली शेजारच्या केरळच्या भाईंकडे ठेवून जातोय. आत घडीची व्हीलचेअर आहे, हलकी, टॅक्सीच्या डिकीत बसते. तुमच्या सगळ्या दिवसांसाठी ती खालाची.

तुझाच
इक्बाल

ता. क. परवाना आला की आधी मला फोटो पाठव. मी दावतीत असलो तरी बघेन. नाव पासपोर्टशी अक्षरनअक्षर जुळतंय का ते मला स्वतः तपासायचं आहे. तिच्या पासपोर्टावर ‘शेख’ आधी आहे, आणि तू सगळीकडे ते शेवटी लिहितोस.