तपासणीला आलेल्या बाईंनी वही मागितली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवसाक्षरांच्या परीक्षेच्या बातम्या आपल्या अंकात येतात. नातवाच्या शाळेतल्या बाकावर बसून पेपर लिहिणाऱ्या आजींचा फोटो आणि खाली किती बसले, किती उत्तीर्ण झाले. वाचून आनंद होतो, तो लपवत नाही. पण पेपरच्या आधीच्या महिन्यांत त्यांना काय शिकवलं, कोणत्या क्रमानं शिकवलं आणि तेच का शिकवलं, हे कोणी बघितलं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मी मूळची खटाव तालुक्यातली. गेली चौदा वर्षं इंग्लंडात लेस्टरला, बाहेरदेशांतून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. त्या अनुभवातून हे पत्र.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. विस्तार अधिकारी येणार म्हटलं की आदल्या रात्री आमच्या घरी टाचणवही पूर्ण व्हायची, हजेरीपटावरच्या बेरजा जुळायच्या, भिंतीवर नवे तक्ते लागायचे. साहेब यायचे, दप्तर पाहायचे, चहा घ्यायचे, शेरा लिहून जायचे. तपासणी म्हणजे दप्तराची तपासणी, हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून आमच्या केंद्रात ऑफस्टेडचे निरीक्षक दोन दिवसांनी येणार असा निरोप आला, तेव्हा मी वडिलांसारखीच कागद नीट लावत बसले.

ऑफस्टेड ही इंग्लंडमधली सरकारी तपासणी यंत्रणा. शाळांबरोबर कॉलेजं, अप्रेंटिसशिप आणि प्रौढांचे वर्गही तिच्याकडे आहेत. २००७पर्यंत प्रौढशिक्षणासाठी वेगळी यंत्रणा होती, ती मग हिच्यात सामील झाली. २०१९ साली तिनं तपासणीचा आराखडा बदलला आणि निकालाच्या आकड्यांपेक्षा अभ्यासक्रमाकडे जास्त लक्ष द्यायचं ठरवलं. काय शिकवायचं ठरवलंत आणि का, ते वर्गात कसं उतरतंय, आणि शेवटी शिकणाऱ्याच्या हाती काय लागलं, असे तीन प्रश्न. हेतू, अंमल, परिणाम. त्यासाठी त्या आराखड्यात निरीक्षक थोडे विषय निवडायचे आणि त्यांच्या तळाशी जायचे. आधी अभ्यासक्रम ठरवणाऱ्याशी बोलायचं, मग वर्गात बसायचं, शिकणाऱ्यांशी बोलायचं, त्यांचं काम पाहायचं, शिक्षकाला विचारायचं. वर सांगितलेलं खाली खरंच घडतंय का, हे असं ताडून पाहायचे. एकेका तासाला गुण द्यायचे नाहीत.

माझ्या सुरुवातीच्या पातळीच्या वर्गात त्या दिवशी भूतकाळाची क्रियापदं चालली होती. निरीक्षक बाई मागच्या बाकावर एका पोलिश बाईंशेजारी बसल्या. माझी टाचणं त्यांनी मागितलीच नाहीत, त्या बाईंची वही मागितली. पानं उलटत, अगदी घरच्यासारख्या आवाजात त्यांनी विचारलं, इथं शिकलेलं बाहेर कुठे उपयोगी पडलं का? बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की गेल्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला, ‘हाफ टेन’ला या म्हणाले, त्या साडेनऊला पोचल्या आणि तासभर बसून राहिल्या.

इंग्रजी बोलण्यात ‘हाफ टेन’ म्हणजे साडेदहा. पण पोलिश भाषेत अर्धा तास पुढच्या तासाच्या नावानं सांगतात, दहाकडे निघालेला अर्धा, म्हणजे आपले साडेनऊ. आपण मराठी माणसं ‘साडे’ मागच्या तासाला जोडतो, त्यामुळे मला ही अडचण कधी दिसलीच नव्हती. माझ्या घड्याळाच्या धड्यात फक्त पुस्तकातलं ‘हाफ पास्ट’ होतं, जे फोनवर बोलणारा माणूस पुष्कळदा वापरतच नाही. वर्गात पोलिश बोलणारे चौघे होते. महिनाभर मी त्यांना वेळ शिकवली, त्यांनी सराव चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि तरी बोलण्यातली वेळ त्यांना कळत नव्हती.

तास संपल्यावर निरीक्षक बाईंनी मला एवढंच विचारलं, “हा क्रम कोणी ठरवला?” मी म्हटलं, पुस्तकात तसा आहे. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं शिकवून मी माझ्या वर्गाचा अभ्यासक्रम कधी स्वतः ठरवलाच नव्हता, तो छापणाऱ्यानं ठरवला होता. पुढच्या सत्रात आम्ही सगळं उलटंपालटं केलं. पहिले सहा आठवडे आकडे, तारीख, घड्याळ, फोनवरची अपॉइंटमेंट, दवाखान्याचं पत्र, आणि प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर उभी. भूतकाळ नाताळनंतर घेतला, डॉक्टरला ‘परवापासून दुखतंय’ हे सांगायची गरज पडली तेव्हा. त्या वर्षीइतका माझा वर्ग कधी भरलेला नव्हता.

या यंत्रणेनं माणसं दुखावली आहेत, हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. रेडिंगच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी जानेवारी २०२३मध्ये आत्महत्या केली. तपासणीचा त्यात वाटा होता, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नोंदवला. अख्ख्या संस्थेला एका शब्दाचा शिक्का मारायची पद्धत होती. सरकारी शाळांसाठी ती सप्टेंबर २०२४मध्ये बंद झाली, आणि नोव्हेंबर २०२५पासून कॉलेजं आणि प्रौढशिक्षण केंद्रांनाही एकाऐवजी वेगवेगळ्या बाबींवरचा अहवाल मिळू लागला. हे फार आधी व्हायला हवं होतं. मला तर कुठलाच शिक्का नको आहे. मला हवी आहे ती शेजारी बसून वही उघडणारी व्यक्ती.

गेल्या दिवाळीत गावी आले होते. माझी आत्या सदुसष्ट वर्षांची, साक्षरता वर्गाला जाऊन परीक्षा पास झालेली. प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलंय. शेजारची बारावीतली मुलगी तिला शिकवायची, एक पैसा न घेता, आणि त्या मुलीचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे. मी आत्याची वही मागून घेतली. अक्षरं सुंदर, स्वतःचं नाव, गावाचं नाव, शंभरपर्यंत आकडे, बेरजा-वजाबाक्या. मग मी विचारलं, आत्ये, तुला खरं काय वाचायचं होतं? ती उठली आणि डब्यातून दूध संकलन केंद्राच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन आली. लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. दोन गाई आहेत तिच्या. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. आत्याला पावतीवरचा ३ दिसत होता आणि ५ दिसत होता. मधला टिंब तिला शाईचा डाग वाटायचा. वहीत दशांश चिन्ह कुठेच नव्हतं.

यात त्या मुलीची काही चूक नाही. तिला कोणी विचारलंच नाही की समोरच्या बाईला कशासाठी शिकायचंय. परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि ती तेवढ्याची तयारी करून घेत होती. आमच्याच सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली होती. गावं साक्षर झाल्याचे समारंभ व्हायचे, हे मी वडिलांकडून ऐकलंय. त्यांचंच म्हणणं असं की शिकलेली बरीच माणसं पुढे विसरली, कारण शिकलेलं रोजच्या कामात कुठे लागत नव्हतं.

म्हणून विनंती अशी आहे. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, जे कोणी या वर्गांना भेट देत असतील त्यांनी हजेरीपट बघण्याआधी दोन शिकणाऱ्यांच्या वह्या मागाव्यात. त्यांना विचारावं, कशासाठी आलात, आणि ते या वहीत कुठल्या पानावर आहे? शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला विचारावं, हे आधी आणि ते नंतर, असं का? शेरा नको, गुण नकोत. उत्तर सापडलं नाही तर दोघांनी बसून पुढच्या महिन्याचं ठरवावं. आणि आपल्या वार्ताहरांनीही परीक्षेच्या दिवशी फोटो काढल्यावर एखाद्या आजीची वही उघडून पाहावी, आत काय आहे ते छापावं.

परतायच्या आदल्या रात्री मी आणि आत्या पावत्या घेऊन बसलो. टिंबाच्या अलीकडचं पूर्ण, पलीकडचं दहातलं, एवढंच सांगितलं. तिनं गठ्ठ्यातल्या पावत्या एकेक करून फॅटप्रमाणे लावल्या. ३.२, ३.४, ३.५, ३.८. मग ३.२ची पावती बाजूला काढून म्हणाली, हा दिवस मला आठवतोय, त्या दिवशी गाय आजारी नव्हती, उद्या विचारते त्यांना.

आपली,
एक प्रौढशिक्षिका, लेस्टर (इंग्लंड)