सोनूच्या खेळाबद्दल

आई, बाबा,

नमस्कार. बाबा, तुम्ही परवा फोनवर म्हणलात की लेकराला खेळायला लावायचे कुणी पैसे घेतंय का, तेव्हा मी ऑफिसात होते, नीट बोलता आलं नाही म्हणून लिहायलेय.

बीड रोडला गाडी घसरली तेव्हा ह्यांचा पाय मोडला, सोनूला साधं खरचटलं पण नाही, तरी तेव्हापासून अंथरूण ओलं करतो अन् गाडीचं नाव काढलं की किंचाळतो. आई, दृष्ट काढली मी, राग नको मानूस. पण सहा वर्षाच्या लेकराला काय होतंय विचारलं तर ते सांगणार काय, मान खाली घालतं नाहीतर पळून जातं.

म्हणून त्याला खेळातून उपचार (प्ले थेरपी) करणाऱ्या मॅडमकडे नेतेय. त्यांच्या खोलीत बाहुल्या, वाळूचा ट्रे, डॉक्टरचा सेट, गाड्या असं सगळं असतं. काय खेळायचं ते सोनूच ठरवतो, त्या फक्त दिसलं ते बोलतेत, की ट्रक लई जोरात आला, बाळ घाबरलं. कुणाला मारायचं नाही अन् टाइम संपला की उठायचं, एवढंच बंधन. आजकालचं फॅड नाही हे बाबा, व्हर्जिनिया ॲक्सलाइन नावाच्या अमेरिकन बाईनं १९४७ सालीच यावर पुस्तक लिहिलंय.

सुरुवातीला नुसता ट्रक गाडीवर आदळायचा, घरी पण तेच, मला तर बघवायचं नाही. मॅडम म्हणल्या खऱ्या ॲक्सिडेंटात त्याच्या हातात काहीच नव्हतं, खेळात ट्रक कधी थांबवायचा ते तो ठरवतो. आता त्यानं ॲम्ब्युलन्स आणलीय, बाहुलीच्या पायाला पट्टी पण बांधतो! तोच खेळ काहीच न बदलता चालूच राहिला असता तर काळजी होती म्हणे.

तर पोळ्याला आलो की असलं अभद्र काय खेळायलास असं म्हणू नका, खोदून विचारू पण नका. बाबा, रोज नको, एखाद्या दिवशी अर्धा तास मोबाईल ठेवून त्याच्याजवळ बसा, तो म्हणेल ते व्हा, पेशंट म्हणला तर पेशंट. घरच्यांनाच असं खेळायला शिकवायची पद्धत गर्नी नवरा-बायकोनं १९६० च्या दशकात काढली, मॅडम मला तेच शिकवायल्यात. आई, बैलाची माती भिजवशील तेव्हा गोळा जास्तीचा ठेव, अन् त्यानं केलेला बैल वाकडा झाला तर सरळ करत बसू नकोस.

आम्ही एसटीनंच येतोत. बाबा, स्टँडवर मोटरसायकल घेऊन येऊ नका, चालत येऊ घरी.

तुमची,
ताई