तुझा काळभाताचा बेत

राजूर, ता. अकोले
दिवाळीनंतर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या सोसायटीत २०० घरं, प्रत्येकाने महिन्याला ५ किलो काळभात, आमच्याकडचा हा जुना वासाचा तांदूळ, घेतला तर महिन्याला टनभर, हा तुझा हिशोब मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "दर महिन्याला टनभर? मग आम्ही खायचं काय?" हसण्यावारी नेऊ नकोस. तुझ्या बेताला याहून नेमका प्रश्न कोणी विचारणार नाही.

आमच्याकडे यंदा काळभात निघाला सात क्विंटल. गिरणीतून तांदूळ हाती येईल साडेचारच्या आसपास. त्यातून बियाणं बाजूला काढायचं, बहिणीकडे पाठवायचा, आणि घरात सहा तोंडं. वास सुंदर, पण उतारा कमी, आणि वारं सुटलं की आडवा पडतो. म्हणून विकायला इंद्रायणी लावतात. काळभात टिकला तो घरच्या चवीसाठी आणि बायांनी जपलेल्या बियाण्यामुळे. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तूच मला फोन केला होतास, आठवतं ना?

तू लिहितोस की इथल्या माणसाला बाजार कळत नाही. उलट आहे रे. बाजार एवढा कळतो की कोणती गोष्ट कधी नेली तर आपण नागवले जाऊ हेही पाठ आहे. तरी न्यावी लागते, कारण पैसा ज्या आठवड्यात लागतो त्या आठवड्यात भाव चांगला असेलच असं नाही.

पहिली बाजारात जाते ती मजुरी. भाताची झोडणी उरकली की गल्लीतली निम्मी घरं कुलपात. नारायणगावला मजुरांचा बाजार भरतो, बागायतदार येतात, रोजाची घासाघीस होते आणि जोडपी आठवडाभर कुणाच्या तरी टोमॅटोत नाहीतर कांद्यात राहायला जातात. लहान पोरं बरोबर, म्हातारी माणसं आणि गुरं मागे. वर्षाचा रोख पैसा मुख्यतः तिथला. शेत खायला घालतं, कापडचोपड आणि दवाखाना मजुरीवर चालतो. तू शेतमालाचा हिशोब मांडलास, त्यात हा आकडाच नाही.

आणि एवढा पाऊस असून बाहेर जावं लागतं, हे तुझ्या सोसायटीतल्यांना खरं वाटायचं नाही. घाटघर-रतनवाडीकडे तो एखाद्या वर्षी ५,००० मिलिमीटरही ओलांडतो. पण कातळ, उतार आणि वीतभर माती. होळीनंतर हंडा घेऊन फिरा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, तेव्हापासून प्रवरेचं पाणी खाली श्रीरामपूरकडच्या उसाला जातंय. उशाशी धरण आणि दुसरं पीक नाही. यावर मी अजून चार पानं लिहू शकतो, पण तुला ती पाठ आहेत.

आता वरईचं बघ, कारण माझ्या मते तुझा धंदा असलाच तर तिथे आहे. माळाच्या तुकड्यावर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग खुरासणी म्हणजे कारळं, आणि पुढे जमीन पडीक, असा जुना फेरा आहे. वरई आश्विनात निघते, म्हणजे नवरात्राची भगर विकून झालेली असते. त्याच सुमाराला उधारी फेडायची, पोरांची फी भरायची. म्हणून टरफलासकट पोतं घोटीच्या बाजाराला जातं आणि व्यापारी म्हणेल त्या भावात रिकामं होतं. तो ते ठेवतो. महाशिवरात्र, आषाढी, पुढचं नवरात्र, असे त्याचे सण ठरलेले. कांडून, पाखडून तीच वरई तुमच्या दुकानात भगर म्हणून उभी राहते. २०२५-२६ ला नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता, खुरासणीचा ९,५३७. वरईला हमीभावच नाही. उपासाला सगळ्या महाराष्ट्राला लागते, पण सरकारी यादीत तिचं नाव नाही. अर्थात नाचणीला भाव जाहीर झाला म्हणून पोतं आपोआप सरकारी खरेदी केंद्रावर पोचत नाही. दोन-चार पोत्यांसाठी जीप करायची तर भाड्यातच कंबर मोडते.

एका गोष्टीत मात्र बाया सगळ्यांना पुरून उरतात. कोंबड्या. चैत्रापासून पिल्लं वाढवायची आणि आखाडात कोंबडे काढायचे. श्रावण तोंडावर आला की शहरातला माणूस गावरानला सांगाल तो दर देतो. गिऱ्हाईक दारात येतं, जीप नको, दलाल नको, आणि पैसा थेट बाईच्या हातात. आमच्या काकीने तशा पैशातून शेळी घेतली. शेळी म्हणजे इथली मुदत ठेव. लग्न निघालं किंवा कुणाला ॲडमिट केलं की मोडायची. कोंबडीवर कुणी योजना आखायला आला की मला धास्तीच वाटते.

रेशनचंही सांगायला हवं. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते फुकट आहे. पूर्वी आषाढ-श्रावणात खावटी, म्हणजे खाण्यापुरती उधारी, उचलायची आणि सुगीला दामदुपटीने फेडायची, तो फास त्यामुळे बराच सैल झाला. रेशनचा तांदूळ घरात आला म्हणून घरचा थोडा इंद्रायणी विकायला मोकळा होतो. चवीचं विकायचं आणि रेशनचं खायचं, हे आईला पटत नाही. मला हिशोबाने पटतं, जेवताना पटत नाही.

तेव्हा बेत असा बदल. काळभात विसर, फार तर घरटी पाच-दहा किलो मिळेल, तोही पाहुण्यासारखा मान देऊन माग. वरई घे. पण मला गिऱ्हाइकांची यादी नको, आश्विनात रोख पैसा हवा. तुमच्या २०० घरांपैकी ४० जणांनी महाशिवरात्रीच्या भगरीचे पैसे नवरात्रातच भरले, तर इथली दहा-बारा घरं पोतं घोटीला नेणार नाहीत. वरईचं टरफल काढायची गिरणी गावातच लागेल; तिची चौकशी मी करतो. भाव तू ठरवू नकोस, इथे बसून ठरवू. आणि पिशवीवर डोंगरातल्या भोळ्या माणसाचं चित्र छापलंस तर एक दाणा देणार नाही.

पौषात ये. वहिनींना आण. येताना माझ्या धाकटीसाठी दहावीचं गणिताचं गाईड आण, इथे मिळेना. आईने तुझ्यासाठी खुरासणीची चटणी केली आहे, पण तू उशीर केलास तर ती उरेल याची खात्री देत नाही.

तुझाच,
राजूरकर मित्र