‘महल’च्या संग्राहक आवृत्तीतील बोनसबाबत तक्रार आणि सुधारित आवृत्तीकडून अपेक्षा

परभणी
दि. १२ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
होम व्हिडिओ विभाग, मुंबई

विषय : ‘महल’ (१९४९) या चित्रपटाच्या ब्लू-रे संग्राहक आवृत्तीवर छापलेले बोनस डिस्कवर नसणे, तसेच जाहीर झालेल्या सुधारित आवृत्तीत ते नीट देणे याबाबत.

महोदय,

आमच्या चित्रपट मंडळाने आपल्याकडून वरील आवृत्तीच्या १२ प्रती प्रत्येकी १,२९९ रुपये दराने, एकूण १५,५८८ रुपयांना घेतल्या. वेष्टनावर तीन दावे ठळक छापले आहेत : ‘मूळ निगेटिव्हवरून’, ‘१६५ मिनिटे’ आणि ‘१२० मिनिटांचे दुर्मीळ बोनस’. पहिला दावा पडताळायला आपण काहीच दिलेले नाही. दुसरा डिस्कशी जुळत नाही. तिसरा सरळ खोटा आहे.

बोनसची मोजणी अशी. ‘मेकिंग’ नावाचा भाग ११ मिनिटांचा. त्यात चित्रपटातलीच दृश्ये आणि वर निवेदकाचा आवाज, ज्यात मधुबालांच्या सौंदर्याची विशेषणे सोडून काही नाही. छायाचित्रे ४ मिनिटांची. ‘ट्रेलर’ २ मिनिटांचा आणि तो जुना नाही, आजच्या संगणकी अक्षरांत नव्याने जोडलेला आहे. ‘ज्यूकबॉक्स’ २८ मिनिटांचा, म्हणजे चित्रपटातलीच गाणी तोडून लावलेली. उरलेली ९ मिनिटे आपल्याच इतर डिस्कच्या जाहिराती. एकूण ५४. जाहिरातीला बोनस म्हणण्याची पद्धत नवीन दिसते.

डिस्कवर जागा नव्हती असे उत्तर कृपया पाठवू नये. डिस्क एकपदरी, २५ जीबीची आहे. संगणकावर उघडून पाहिले तर चित्रपटाची फाईल ९.५ जीबी, बोनस २.१ जीबी, म्हणजे १३ जीबीहून जास्त जागा रिकामी. चित्रपटाला सरासरी ८ मेगाबिट प्रतिसेकंद मिळाले. ब्लू-रेवर याच्या तिप्पट सहज देता येतात. ‘महल’ हा तर अंधाराचा चित्रपट. फिल्मचा दाणा (चित्रातले बारीक कण), धूर आणि काळ्यातली करडी छटा यांना बिटरेट (सेकंदाला मिळणारी माहिती) कमी पडला की सावलीच्या जागी चौकोनी ठिगळे हलू लागतात. हवेलीतल्या बोळांमध्ये नेमके तेच होते. त्यात उजव्या कोपऱ्यात आपला लोगो अखंड पेटलेला. सगळी हवेली अंधारात आणि दिवा तेवढा कंपनीचा.

कालावधीचे सांगतो. वेष्टनावर १६५ मिनिटे, डिस्कवर २ तास ३८ मिनिटे २४ सेकंद. एखादे दृश्य कापले असते तर फरक कसाही आला असता. पण १६५ला २४ने गुणून २५ने भागले की बरोबर हाच आकडा येतो. याचा अर्थ सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५च्या गतीने पळवला आहे, आणि तोही बहुधा जुन्या पॅल (सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीच्या मास्टरवरून फुगवून. पळत्या दृश्यावर चित्र थांबवा, कडांना कंगव्याचे दाते दिसतील.

गतीचा हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. कानाला जाणवतो. चार टक्के वेग वाढला की सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊण हिस्सा वर चढतो. पेटीच्या पांढरी चार पट्टीतले गाणे शेजारच्या काळी तीनच्या अगदी अलीकडे जाऊन अडकते. पेटी घेऊन बसले तर कुठल्याच पट्टीत बसत नाही. ज्या चित्रपटाने लताबाईंचा आवाज देशभर पोचवला त्यातलाच आवाज असा ताणणे कसे चालते?

आता मुख्य मुद्दा. दिवाळीला ‘सुधारित आवृत्ती’ काढत असल्याचे आपण जाहीर केले आहे. तिच्या बोनसच्या यादीत पुन्हा ‘मेकिंग’, ‘ज्यूकबॉक्स’ आणि ‘ट्रेलर’ हीच तीन नावे आहेत. त्यांच्या जागी काय हवे आणि ते कसे करता येते, हे इथे लिहीत आहोत.

पहिली मागणी ‘आयेगा आनेवाला’ची. आपल्या ज्यूकबॉक्समध्ये हे गाणे थेट मुखड्यापासून सुरू होते. आधीचा ‘खामोश है ज़माना’पासूनचा मुक्त भाग उडवला आहे. गाण्याचा जीव तिथेच आहे. आवाज दुरून जवळ येतो असा भास हवा म्हणून लताबाई ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू त्याच्याकडे चालत आल्या, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेले आहे. पुढे यंत्राने जो परिणाम साधता येऊ लागला तो इथे पावलांनी साधला. तोच भाग कापणे म्हणजे पुरणपोळीतले पुरण काढून ठेवणे.

या गाण्याची मूळ ७८ आरपीएम तबकडी बोनसमध्ये हवी, लेबलच्या स्वच्छ छायाचित्रासह. त्या लेबलवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापले होते, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव. रेडिओवर गाणे वाजू लागल्यावर ही कामिनी कोण, अशी विचारणा झाली आणि मग खरे नाव सांगितले गेले. तबकडी उतरवताना एलपीची सुई वापरू नये. ७८च्या खाचेला साधारण तीन मिलची, म्हणजे ७६ मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि फक्त खरखर उचलते. दुसरे, प्रीअॅम्पवरची आरआयएए जुळवणी, म्हणजे तबकडीच्या खर्ज-तार आवाजाचा समतोल साधणारे प्रमाण, १९५४ नंतर रुळली. १९४९च्या तबकडीला ती लावली की आवाजाचा समतोल बिघडतो. कोणतीही जुळवणी न लावता सपाट उतरवून मग जुळवावे. साफ केलेला आणि न केलेला, दोन्ही आवाज द्यावेत. तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू, जागा किती खाणार?

संगीताचा स्वतंत्र ट्रॅक आम्ही मागत नाही. त्या काळी संवाद, गाणी आणि पार्श्वसंगीत एकत्र होऊन फिल्मच्या कडेच्या ऑप्टिकल (ध्वनीच्या) पट्टीवर जात. सुटे घटक आज शिल्लक असण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरने आवाज वेगळे काढून ‘नवा सराउंड’ करण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. त्याने गळ्याला पत्र्याचा नाद येतो. मोनो ट्रॅक आहे तसा द्या. खरखर काढणारा फिल्टर जोरात लावला की वरची कंपने जातात. श्वास, घड्याळाचे टोल, झुल्याची चाहूल त्यांतच असते आणि भयपटात अर्धी भीती तिथूनच येते. (‘महल’ला भयपट म्हणावे की नाही यावर आमच्यातही एकमत नाही. शेवट माहीत असलेले नाही म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचारा.)

दुसरी मागणी छायालेखक जोसेफ विर्शिंग यांच्यावरील माहितीपटाची. आपल्या पुस्तिकेत त्यांचे नावच नाही! म्युनिकहून आलेला हा माणूस ‘महल’ काढणाऱ्या बॉम्बे टॉकीज या चित्रसंस्थेत सुरुवातीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून नजरकैदेत राहिला, परत येऊन त्याने ‘महल’ टिपला आणि पुढे ‘महल’चेच दिग्दर्शक कमाल अमरोही यांच्या ‘पाकीज़ा’चे काम चालू असताना १९६७मध्ये गेला. त्यांच्या कुटुंबाने जपलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शनही झालेले आहे, म्हणजे साहित्य उपलब्ध आहे, परवानगी तेवढी मागायची आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही थट्टेने म्हणतो. आपण या एका पुस्तिकेत दोघांनाही एकदम दुखावले.

माहितीपट म्हणजे कौतुकाच्या मुलाखती नव्हेत. एखाद्या कसलेल्या छायालेखकाला बसवून दोनच प्रसंग उलगडून घ्या : नायक शंकरला स्वतःसारखे दिसणारे तैलचित्र सापडते तो, आणि झुल्यावरच्या गाण्याचा. प्रकाश कुठून येतो, दिवा पडद्यावर दिसतो तो एक आणि उजेड पाडणारा दुसरा हे कसे, चेहरा उजळ ठेवून भिंत काळी कशी ठेवली. तीस मिनिटे पुरेत. १०८०पीमध्ये ८ मेगाबिटने अर्धा तास म्हणजे १.८ जीबी.

चित्रपट चालू असताना जाणकार बोलतात तो समालोचनाचा ट्रॅक तर जवळजवळ फुकट आहे. १९२ किलोबिटने १६५ मिनिटांचा ट्रॅक २४० एमबीपेक्षा कमी भरतो. दोन माणसे हवीत, एक चित्रपटाच्या इतिहासाचा आणि एक संगीताचा जाणकार, आणि त्यांनी समोरच्या दृश्यावर बोलावे. संकलक बिमल रॉय होते, त्यांनीच पुढे १९५८मध्ये ‘मधुमती’ दिग्दर्शित केला. पुनर्जन्माचा धागा एका चित्रपटातून दुसऱ्यात कसा गेला हे संकलनाच्या अंगाने कुणी सांगितले तर आम्ही त्यासाठी वेगळे पैसे देऊ.

पुनर्संस्करणाचा तुलनात्मक भाग हवा, पण उन्हातल्या दृश्यावर नको. तिथे सगळेच छान दिसते. अंधारातला एकच शॉट तीन अवस्थांत दाखवा : कच्चा स्कॅन, धूळ-चरे काढल्यावर आणि शेवटचा. शेवटच्यात दाणा गायब असेल आणि चेहरे मेणाचे दिसत असतील तर ते आम्हालाही कळेल, आपल्यालाही. सोबत एका पाटीवर लिहा की स्कॅन कशावरून केला : निगेटिव्ह, ड्यूप (निगेटिव्हची नक्कल) की थिएटरची प्रिंट. मिनिटाला ९० फूट या हिशेबाने हा चित्रपट सुमारे १४,८५० फुटांचा, म्हणजे हजार फुटी किमान १५ रिळे. प्रिंट झिजते ती रिळाच्या तोंडाशी आणि शेपटाशी, कारण दर वेळी तिथेच ओढाताण आणि तिथेच जोड. आपल्या डिस्कवर १ तास ४ मिनिटांच्या आसपास संवाद अर्ध्यातच उडी मारतो आणि त्याआधी काही सेकंद वरच्या उजव्या कोपऱ्यात रीळ बदलाचा ठिपका (प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठीची खूण) चमकतो. मूळ निगेटिव्हवर हा प्रकार कसा आला, हे जरा समजावून सांगावे. फ्रेम गहाळ असतील तर गहाळ आहेत असे सांगा, त्यात कमीपणा नाही.

छायाचित्रांच्या दालनाबद्दल. चित्रे तीन-तीन सेकंदांनी आपोआप पळतात, मथळा वाचून होत नाही. रिमोटच्या बाणाने पुढे-मागे नेता येतील अशी ठेवा. त्यांतले एक तर ‘महल’चे नाहीच. त्याऐवजी थिएटरात विकली जाणारी गाण्यांची चोपडी पानोपान द्या, ६०० डीपीआयवर, रंगीत स्कॅन करून. काळ्या-पांढऱ्यात केले की कागदाचा पिवळेपणा करडा होतो आणि अक्षर बुडते. अशा चोपड्यांत गाणी बहुधा नागरी आणि उर्दू दोन्ही लिप्यांत असत. निजामाच्या राजवटीत उर्दू शाळा शिकलेली पिढी आमच्या मराठवाड्यात आता थोडी उरली आहे. त्यांच्या पेट्यांत अशा चोपड्या अजून निघतात. आपण वर्तमानपत्रात चार ओळींचे आवाहन दिले तर इथून पाठवणारे मिळतील.

उपशीर्षके मराठीतही हवीत. अमरोहींची उर्दू इथे जुन्यांना कळते, नातवंडांना नाही. सध्या इंग्रजी उपशीर्षके गाणे सुरू झाले की बंद होतात. गाण्याच्या ओळींसह, दोनच ओळींत आणि चालू-बंद करता येतील अशी द्यावीत.

पुस्तिकेतील चूक छोटी नाही. सगळी गाणी लताबाईंच्या नावावर लावली आहेत. ‘घबरा के जो हम सर को’ राजकुमारींचे आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश बरोबर आहेत, पण गीतकार नक्शब यांचे नाव गाळले आहे. छापण्याआधी चित्रपटाची श्रेयनामावली एकदा पाहिली असती तरी पुरे होते.

चित्रचौकटीबद्दल एवढेच की रुंदी-उंचीचे मूळ प्रमाण १.३७ आहे. नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत ‘फुल स्क्रीन’ लिहिले आहे. १६:९ला भरण्यासाठी वर-खाली कापले तर जवळपास २३ टक्के चित्र जाईल, आणि झुल्यावरच्या दृश्यांत आधी डोके जाईल. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. आम्हाला त्यांची भीती वाटत नाही.

मागणी अशी : १२ प्रतींची पूर्ण रक्कम परत करावी किंवा वरील दोषांचे निवारण केलेली सुधारित आवृत्ती तितक्याच प्रतींत विनामूल्य द्यावी. ‘१२० मिनिटे’ आणि ‘मूळ निगेटिव्ह’ हे शब्द विक्रीच्या पानावरून आजच काढावेत. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करू आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार भ्रामक जाहिरातीबद्दल परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला यावे लागत नाही, याची नोंद घ्यावी.

सोबत बिलाची प्रत, वेष्टनाची दोन छायाचित्रे, डिस्कवरील फाईलींच्या आकाराचा पडदाफोटो आणि कंगव्याच्या दात्यांच्या तीन फ्रेम जोडल्या आहेत.

आपले,
चित्रपट मंडळाचे सभासद
परभणी

ता. क. : १२पैकी ४ डिस्क पेटीतल्या खोबणीतून निसटून मोकळ्या हलत आल्या, त्यांतल्या दोन डिस्कवर चरा आहे. पुढच्या वेळी पुठ्ठ्याची घडीची पेटी टाळावी. इथे मे महिन्यात पारा ४३च्या पुढे जातो, मध्यभागाचा डिंक सुटतो आणि डिस्क कुरिअरच्या गाडीतच फिरायला लागते.