मोहाचच्या म्हणीबद्दल आमच्या हंगेरियनच्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

म्हणींची लांबलचक यादी हातात न देता तुम्ही आम्हा मराठी मंडळींना एकच हंगेरियन म्हण दिलीत आणि ती उच्चारापासून इतिहासापर्यंत पक्की करून घेतलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. पत्र मराठीत आहे, तेव्हा ते तुम्हाला कुणाला तरी वाचून दाखवावं लागेल. पण बुडापेस्ट, सेगेद, देब्रेचेनला शिकायला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्याही ते उपयोगी पडावं, असा आमचा स्वार्थ आहे.

म्हण अशी: त्योब्ब इश वेसेत्त मोहाचनाल. म्हणजे, याहून जास्त तर मोहाचला गेलं. मोहाच हे हंगेरीच्या मोठ्या पराभवाचं गाव, आणि लहानसं नुकसान झालं की सांत्वनाला ही म्हण म्हणतात.

देवनागरीत लिहिताना पहिल्याच शब्दाला गफलत होते, कारण तिथे य मुळीच नाही. तुम्ही सांगितलेली युक्ती सोपी आहे. तोंडात 'ए' धरायचा, जीभ जागची हलवायची नाही आणि ओठ तेवढे 'ओ'सारखे गोल करायचे. स्वर ऱ्हस्व, लगेच तोडायचा. मग 'ब्ब'. 'डब्बा' म्हणताना ओठ मिटून जसे क्षणभर थांबतात, तसंच इथे थांबायचं. पुढे 'इश'चा स्वर येत असल्यामुळे हे थांबणं स्पष्ट ऐकू येतं, आणि एकेरी ब लगेच खटकतो. 'वेसेत्त'मधले दोन्ही ए आपल्यापेक्षा उघडे, 'ॲ'कडे झुकणारे.

अक्षरांचा घोळ तुम्ही गावांच्या नावांवरून सोडवलात, आणि ते फार बरं केलंत. बुडापेस्टला हंगेरियन माणूस बुदॉपेश्त म्हणतो, कारण रोमन एस म्हणजे श. एसला झेड जोडला की स, म्हणून सेगेद. नुसता सी म्हणजे 'चमचा'तला च, म्हणून देब्रेचेन. सीला एस जोडला की 'चहा'तला च, म्हणून मोहाच. हे दोन च वेगळे ऐकायची सवय मराठी कानाला आधीपासूनच आहे. इंग्रजीच्या सवयीने 'इश'चं 'इज' वाचणाऱ्याला मात्र पहिल्या दिवसापासूनच थांबवावं लागतं.

आघाताचा धडा सगळ्यांत महत्त्वाचा. हंगेरियनमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. स्वरावरची तिरकी रेघ आघात नाही, लांबी सांगते. मराठी माणूस 'मोहाचनाल'मध्ये लांब 'हा' दिसला की तिथेच जोर देतो आणि आवाजही चढवतो. आता हंगेरियनमध्ये 'हो की नाही' छापाचा प्रश्न विचारायला वेगळा शब्द लागत नाही, शेवटून दुसऱ्या अक्षरावर सूर चढवला की झालं. म्हणजे 'हाच' उंच म्हटलं की सांत्वनाऐवजी प्रश्न होतो: 'मोहाचला याहून जास्त गेलं का?' समोरचा गोंधळून बघत राहतो. 'मो'वर जोर देऊन सूर शेवटपर्यंत उतरवत न्यायचा, हे तुम्ही टेबलावर बोट आपटून शिकवलंत.

शब्दकोशातही एक खड्डा आहे. 'वेसेत्त' शोधलं तर 'पिसाळलेला' असा अर्थ सापडतो, कारण पिसाळलेल्या कुत्र्याला हेच विशेषण लावतात. म्हणीत ते भूतकाळी क्रियापद आहे. मूळ रूप 'वेस', दीर्घ ए असलेलं, अर्थ नाश होणे, हातचं जाणे. ऱ्हस्व, उघड्या ए चं 'वेस' वेगळं: घेणे, विकत घेणे, आणि त्याचा भूतकाळ 'वेत्त'. घाईत मधला 'से' गिळला की मोहाचला खरेदी झाली असं ऐकू येतं. 'इश' म्हणजे 'सुद्धा'. मराठीतल्या 'ही'प्रमाणे तो ज्या शब्दाचा, त्याच्या मागेच चिकटून येतो. शेवटचा 'नाल' म्हणजे 'पाशी', आणि तो शब्दातल्या स्वरांप्रमाणे बदलतो: मोहाचनाल, पण देब्रेचेननेल.

मोहाच हे दक्षिण हंगेरीतलं डॅन्यूबकाठचं गाव. २९ ऑगस्ट १५२६ रोजी तिथे ऑटोमन सुलतान सुलेमानच्या फौजेपुढे हंगेरीचं सैन्य काही तासांत उद्ध्वस्त झालं. वीस वर्षांचा राजा दुसरा लॉयोश पळताना मेला. दोन आर्चबिशप आणि पाच बिशप पडले. त्यांतले तोमोरी पाल तर सेनापतीच होते. पुढे १५४१ मध्ये राजधानी बुदा ऑटोमनांच्या हाती गेलं, ते थेट १६८६ पर्यंत. याच १५२६ च्या एप्रिलमध्ये इकडे बाबराची पानिपतची लढाई झाली होती, पण मराठी बोलण्यात पानिपत येतं ते १७६१ चं. आपण परीक्षेत किंवा निवडणुकीत आपटी खाल्ली की 'पानिपत झालं' म्हणतो, म्हणजे साध्या पराभवाला मोठं करतो. हंगेरियन माणूस मोहाच काढतो ते समोरचं नुकसान लहान करायला. नेमकं इथेच मराठी माणसाचं चुकतं: फजिती वर्णन करताना तो ही म्हण वापरतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याला काहीच वाईट वाटलेलं नाही. त्यापेक्षा 'विश्वास ठेव' म्हटल्यावर 'विश्वास तर पानिपतावर गेला' असं जे हसत म्हणतात, त्याचा सूर या म्हणीच्या जास्त जवळ आहे.

मग म्हणायची कुठे? कपाचा कान तुटला, ट्राम डोळ्यांदेखत निघून गेली, हजार फोरिंटची नोट हरवली, आवडता संघ हरला, कॉफी टेबलक्लॉथवर सांडली. आधी 'शेबॉय', म्हणजे 'असू दे', आणि लगेच म्हण. ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतः म्हटलेली सगळ्यांत गोड वाटते, तिसऱ्याने म्हटलेली चालते. ज्याने कप फोडला त्याने मात्र आधी माफी मागावी आणि म्हण मालकाला म्हणू द्यावी. फोडणाऱ्याच्या तोंडी ती निर्लज्जपणा ठरते. आजारपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू यांत ती चुकूनही नको. दुःखाच्या घरी 'रेस्वेतेम', म्हणजे 'तुमच्या दुःखात सहभागी आहे', एवढा एकच शब्द पुरतो, हेही तुम्ही त्याच तासाला सांगितलंत.

शेवटचे आभार निवडीबद्दल. हंगेरियनमध्येही 'तू' आणि 'आपण' यांचं बंधन आहे, आणि बऱ्याच म्हणी 'तू'च्या आज्ञार्थात असतात. 'हळू चाल, लांब पोचशील' अशा अर्थाची 'लॉश्शॉन यार्य, तोवाब्ब एर्स' ही म्हण घ्या. ती वरिष्ठांना ऐकवली तर उपदेश वाटते. आपल्या 'अंथरूण पाहून पाय पसरावे'ची तिथे अगदी जुळी बहीण आहे, फक्त अंथरुणाऐवजी पांघरूण. पण आपलं 'पसरावे' कुणालाच उद्देशून नाही, आणि तिथे सरळ 'अंग ताण' असं 'तू'ला सांगितलेलं आहे. मोहाचच्या म्हणीत 'तू'ही नाही आणि 'आपण'ही नाही, त्यामुळे ती वर्गमित्राला, घरमालकिणीला, प्राध्यापकांना सारखीच चालते. फक्त तिच्याआधी 'दुःख करू नकोस' जोडायचं असेल तर लहानाला 'ने बूशुय' आणि मोठ्यांना 'ने बूशुयोन', एवढं सांभाळायचं.

पुढच्या तासाला पांघरुणाची म्हण घ्यावी, ही विनंती. तिच्यातल्या आज्ञार्थी क्रियापदाच्या शेवटी ड आणि य यांच्यामधलं जे व्यंजन आहे, ते आमच्या जिभेला अजून वळत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
हंगेरीतले मराठी विद्यार्थी